थेंबाला वेळ मिळावा म्हणून

ढगातल्या थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन असते. अंगावर पडल्यावर जाणवतो तो पावसाचा थेंब त्याच्या शंभरपट, म्हणजे १ मिलिमीटरचा. त्रिज्या शंभरपट म्हणजे पाणी दहा लाखपट. दहा लाख थेंबांचं पाणी एका थेंबात गोळा होतं कसं, आणि तेही बर्फाची मदत न घेता अर्ध्या तासाच्या आत, हा प्रश्न मेघभौतिकीत अजून पुरता सुटलेला नाही. मी मूळची मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिक जिल्ह्यातली. अमेरिकेत या प्रश्नासाठी लागणाऱ्या, आत ढग तयार करून तो अभ्यासता येईल अशा एका मोठ्या चेंबरच्या आराखड्यावर मी काम करते, आणि त्या कामात काय काय विचार करावा लागला ते इथे लिहिते आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते. हवेतल्या मिठाच्या किंवा धुळीच्या कणावर वाफ साचते आणि थेंब जन्माला येतो. पण वाफेवर वाढणाऱ्या थेंबाच्या त्रिज्येचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. १० मायक्रॉनला पोचायला जितका वेळ लागला, त्याच्या चौपट २० मायक्रॉनला लागतो आणि शंभरपट १०० मायक्रॉनला. म्हणजे नुसत्या वाफेवर भुरभुर पाऊससुद्धा पडायचा नाही. पुढची वाढ टकरींनी होते: मोठा थेंब जास्त वेगाने खाली येतो आणि वाटेतले लहान थेंब गिळत जातो. मात्र त्यासाठी तो आधी पुरेसा मोठा असावा लागतो. साधारण १५ ते ४० मायक्रॉनच्या मधला टप्पा असा आहे की वाफेवर वाढायला थेंब फार मोठा आणि टकरींवर वाढायला फार लहान. तरीही सह्याद्रीवरचे बुटके पावसाळी ढग, ज्यांचे माथे गोठणबिंदूच्या उंचीपर्यंत पोचतही नाहीत, घाटमाथ्यावर धो धो ओततात. म्हणजे निसर्ग तो टप्पा रोज ओलांडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरला उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग दारात येतो आणि उपकरणं जमिनीवर ठेवूनच त्याची मोजमापं घेता येतात. विमानं ढगात नेऊनही मोजतात. पण विमान सेकंदाला १०० मीटरच्या आसपास जातं, लहान ढग काही सेकंदांत मागे पडतो, आणि परत वळून यावं तर तो तसा राहिलेला नसतो. थेंबांची संख्या तीच ठेवून फक्त खळबळ वाढवली तर काय होईल, हे खऱ्या ढगाला विचारता येत नाही. चेंबर हवं ते यासाठी.

ढग कोंडून पाहण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ मध्ये ढगातली रंगीत वलयं पाहून सी. टी. आर. विल्सन यांनी प्रयोगशाळेत हवा झटकन प्रसरण पाववून, म्हणजे थंड करून, ढग तयार केला. त्यातून पुढे अणुकणांचे माग दाखवणारं यंत्र निघालं आणि १९२७ चं नोबेल मिळालं. आज जर्मनीत कार्ल्सरूहला ८४ घनमीटरचं आयडा चेंबर आहे, तेही प्रसरणाच्याच तत्त्वावर चालतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतल्या क्लाउड प्रयोगाचं चेंबर २६ घनमीटरचं, पण त्यांचा मुख्य विषय ढगाचं बीज होणारे कण मुळात कसे तयार होतात हा. प्रसरणाने केलेला ढग काही मिनिटांत विरतो. जपानमध्ये कामाइशीच्या खाणीत सुमारे ४३० मीटरच्या उभ्या विहिरीतून हवा वर चढवून ढग केला गेला. निसर्गाच्या सगळ्यात जवळचा मार्ग तोच. तशी विहीर आपल्याला कुठून मिळणार? १० मीटरच्या खोलीत हवा वर चढली तर ती फक्त ०.१ अंशाने थंड होते. तेवढ्याने काही होत नाही.

म्हणून आम्ही मिश्रणाचा मार्ग धरला. मिशिगनमधल्या हाउटन गावी, मिशिगन टेक विद्यापीठात, पाय चेंबर आहे. त्याच्यावरचे निबंध आम्हा सगळ्यांना पाठ होते. २ मीटर व्यासाचा, १ मीटर उंचीचा दंडगोल, आकारमान ३.१४ घनमीटर, म्हणून नाव पाय. खालचा पृष्ठभाग गरम आणि ओला, वरचा थंड आणि ओला. गरम हवा वर जाते, थंड खाली येते, दोन्ही एकमेकींत मिसळतात, आणि ढग तयार होतो.

तो का तयार होतो हे मला पहिल्यांदा कागदावर आकडे मांडले तेव्हा पटलं. खालचा पृष्ठभाग २० अंशांवर असेल तर तिथे संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत मावेल तेवढ्या वाफेचा दाब, २३.४ हेक्टोपास्कल. वरचा ० अंशावर, तिथे ६.१. दोन्हीकडची हवा निम्मी निम्मी मिसळली की तापमान १० अंश आणि बाष्पदाब जवळजवळ १४.७. पण १० अंशांना हवा पेलू शकते फक्त १२.३. म्हणजे २० टक्के वाफ जास्तीची झाली. बाष्पदाबाचा आलेख सरळ रेषेत न जाता वर वळतो, एवढ्या एका गोष्टीवर सगळं चेंबर उभं आहे. प्रत्यक्षात इतकी अतिसंपृक्तता कधी उरत नाही. भिंती ती खातात आणि थेंब झाले की थेंब खातात. पण सुरुवातीचं भांडवल हे. शिवाय हा ढग टिकतो. मिठाचे बारीक कण सतत सोडत राहिलं की नवे थेंब जन्मतात, मोठे झालेले खाली बसतात, दोन्हींचा मेळ बसला की तोच ढग तासन्‌तास तसाच राहतो. कण कमी सोडले तर थेंब थोडे आणि मोठे, जास्त सोडले तर पुष्कळ आणि लहान. स्वच्छ हवेतला ढग आणि शहराच्या धुरातला ढग यांतला फरक एका नळाच्या चावीवर आणता येतो.

मग आणखी मोठं चेंबर कशाला? कारण १ मीटरमध्ये थेंबाला वेळ मिळत नाही.

हे गणित आमच्या बैठकींमध्ये इतक्या वेळा फळ्यावर आलं की आता झोपेतही सांगेन. १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास पडतो, २० मायक्रॉनचा ५ सेंटिमीटर. चेंबरभर हवा घुसळत असली तरी थेंबाचा सरासरी मुक्काम उंची भागिले पडण्याचा वेग एवढाच असतो. १ मीटर उंचीत २० मायक्रॉनच्या थेंबाला मिळाले २० सेकंद. आता एका घनसेंटिमीटरमध्ये १० मायक्रॉनचे १०० थेंब आहेत असं धरा. आपला मोठा थेंब त्यांच्यातून खाली येतो आहे. त्याच्या वाटेत येणाऱ्या थेंबांपैकी बहुतेक हवेच्या प्रवाहाबरोबर त्याला वळसा घालून निघून जातात. पाचातला एखादा खरोखर आदळतो. सगळं गुणून पाहिलं तर सात-आठ मिनिटांत एक टक्कर. २० सेकंदांत ती होण्याची शक्यता शंभरात चार. आणि झालीच, तर त्रिज्या वाढते फक्त ४ टक्क्यांनी.

१० मीटर उंचीत त्याच थेंबाला २०० सेकंद मिळतात, आणि शक्यता शंभरात पस्तिसाच्या घरात जाते. शिवाय मुक्काम हा सरासरीचा आकडा आहे. शंभरातले पाच थेंब तिप्पट वेळ वरच तरंगत राहतात. एका घनमीटरमध्ये १० कोटी थेंब, त्यातल्या पाच टक्क्यांना तिप्पट वेळ, त्यातल्या काहींना लागोपाठ टकरी. भुरभुर सुरू होते ती या मोजक्या नशीबवान थेंबांपासून. सरासरी थेंबाकडे पाहून पाऊस समजत नाही, हे मला या कामाने शिकवलं. उंचीचा आणखी एक फायदा असा की रॅले अंक, म्हणजे तापमानाच्या फरकाने हवा किती जोरात घुसळते याचं माप, उंचीच्या घनाने वाढतो. उंची दुप्पट केली की तो आठपट होतो आणि खळबळ खऱ्या ढगाच्या जरा जवळ सरकते.

गटातले सिम्युलेशनवाले एक फार सुरेख गोष्ट करत. संगणकात चेंबर उभारायचं, थेंबांचे आकारवार गट करायचे, आणि तीच परिस्थिती दोनदा चालवायची: एकदा टकरी चालू, एकदा बंद. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की ठेंगण्या चेंबरमध्ये रेषा जवळजवळ एकच. उंची वाढवत नेलं की उजवीकडे, मोठ्या थेंबांच्या बाजूला, एक शेपूट सुटं होत जातं. ते शेपूट आमच्या उपकरणांना मोजता येईल इतकं जाड कधी होतं, हा आराखड्याचा खरा निकष. केवळ मोठं चेंबर म्हणून मोठं चेंबर बांधण्यात अर्थ नाही. टकरींची खूण निःसंशय दिसली पाहिजे.

उंची ठरत आली तसा रुंदीचा वाद सुरू झाला. खर्चाच्या दृष्टीने उंच आणि सडपातळ मनोरा स्वस्त. माझा त्याला ठाम विरोध होता आणि कारण भूमितीत आहे. पाय चेंबरमध्ये बाजूच्या भिंतीचं क्षेत्रफळ छत आणि तळ यांच्या बेरजेइतकंच आहे. व्यास तोच २ मीटर ठेवून उंची १० मीटर केली तर भिंत दसपट होते. ढग तयार करणारे पृष्ठभाग तेवढेच, आणि ढग खाणारा पृष्ठभाग दहापट! भिंत मधल्या तापमानाला, म्हणजे १० अंशांवर ठेवली आणि ओली ठेवली तरी तिच्याजवळची हवा नुसती संपृक्त असते. मधल्या हवेतली जास्तीची वाफ ती ओढून घेतेच. व्यासही १० मीटर केला तर भिंत छत-तळाच्या दुपटीवर येते. पैसे लागतात, जागा लागते, पण त्याहून सडपातळ केलं तर आपण ढगाऐवजी भिंतीचाच अभ्यास करत बसू, असं मी बैठकीत म्हटलं होतं आणि अजूनही म्हणते.

भिंतीच्या तापमानाचं काम माझ्याकडे आलं. संपृक्त बाष्पदाब प्रत्येक अंशाला सुमारे ७ टक्क्यांनी बदलतो. आम्हाला हव्या असलेल्या अतिसंपृक्ततेशी ताडून पाहिलं तर एका अंशाची चूक म्हणजे सगळंच वाहून जाणं. प्रत्येक पॅनेलमागे गारवा देणारं ग्लायकॉल फिरतं, पण ते आत शिरताना थंड आणि बाहेर पडताना किंचित गरम. त्यामुळे शेजारशेजारच्या नळ्यांत प्रवाह उलटसुलट दिशेने ठेवला. तरीही चाचणीच्या पॅनेलचं थर्मल कॅमेऱ्याने चित्र घेतलं तेव्हा ओळीने ठिपके दिसले, जिथे जिथे बोल्ट होते बरोबर तिथे.

माझे मामा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बसवण्याचं काम करतात. आयुष्यभर तेच. त्यांना चित्र पाठवलं आणि फोन केला.

“बोल्ट आरपार घेतलाय का गं?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“हो मामा. पत्रा वजनाला जड आहे, आधार हवा ना.”

“मग घाम फुटणारच. बाहेरून हात लावून बघ, बोल्टाच्या डोक्यावर पाणी असंल.”

“बाहेरच्या घामाचं एवढं काही नाही. आत त्या जागी भिंत गरम होते, त्याची अडचण आहे.”

“एकच की ते! बाहेर घाम दिसला म्हणजे आत तेवढीच गळती. आतला पत्रा आतल्या सांगाड्याला धरा, बाहेरचा बाहेरच्या. मधल्या फोमला, पफला, कशानं टोचायचंच नाही. आमच्याकडं पॅनेलाला पॅनेल अडकवायला कॅमलॉक असतं तसलं काहीतरी बघा. आणि सांधे एकासमोर एक आणू नका, सरकवून घ्या.”

पुढच्या आराखड्यात आतला सांगाडा स्वतंत्र उभा केला, बाहेरच्या कवचापासून अलग, फक्त खाली उष्णतारोधक पायांवर टेकलेला. ठिपके गेले. बैठकीत कुणीतरी विचारलं की ही कल्पना कुठून आली, तेव्हा मी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून असं सांगितलं आणि मामांचं नाव इतिवृत्तात घालायला लावलं.

त्यानंतरचं काम पृष्ठभाग ओले ठेवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं, पण वेळ सगळ्यात जास्त त्यातच गेला. तळाचं सोपं, तिथे पाणी आपोआप पसरतं. उभ्या भिंतीवर पाणी शोषणारं कापड ताणून वरून पाणी सोडलं की ते सारखं पसरत नाही. त्याच्या वाटा पडतात. एक वाट धरली की पाणी तिथूनच जातं आणि मधल्या पट्ट्या कोरड्या राहतात. डोळ्यांना सगळं कापड ओलंच दिसतं. आम्ही उजेड तिरपा टाकून बघायचो: ओला भाग चकाकतो, वाळू लागलेला मंद, खडबडीत दिसतो. विणीची दिशा आडवी ठेवली की पाणी बाजूला पसरतं आणि वाटा पडत नाहीत, हे पुष्कळ कापडं ताणून पाहिल्यावर कळलं. शिवाय पाण्यात मीठ साठत जातं. चेंबरमध्ये सोडलेलं मीठ थेंबांबरोबर शेवटी तळावर आणि भिंतींवरच येतं, आणि खाऱ्या पाण्यावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा कमी असतो. म्हणून कापड धुऊन काढण्याची सोय पहिल्यापासून हवी, मागाहून जोडता येत नाही.

आणि छत. मला विचाराल तर भुरभुरीसाठी बांधलेल्या चेंबरचा सगळ्यात नाजूक भाग तोच. छत थंड आहे, त्यावर वाफ सतत साचते, अस्तर तुडुंब झालं की पाणी ठिबकतं. ठिबकलेला थेंब मिलिमीटरांच्या मापाचा असतो, त्यामुळे हवेत असताना तो ५०-१०० मायक्रॉनच्या भुरभुरीपासून सहज वेगळा ओळखता येतो. पण तो तळाच्या पाण्यावर आपटतो तेव्हा बारीक शिंतोडे उडतात, आणि त्यांची मापं नेमकी आपण शोधतो आहोत त्या भुरभुरीची. छतातून गळलेलं पाणी शिंतोड्यांच्या रूपाने ‘पाऊस पडला’ म्हणून नोंदलं जाईल! तळाजवळच्या उपकरणाला हा फरक कळणार नाही. म्हणून छताला अगदी थोडा उतार दिला, कडेला पाणी ओढून घेणारी पन्हळ ठेवली, आणि भुरभुरीची मोजणी तळाजवळ न करता मधल्या उंचीवर करायची असं ठरवलं. शिंतोडे तिथवर पोचत नाहीत.

मोजणीबद्दल थोडक्यात. ढगात नळी घालून नमुना ओढला तर मोठे थेंब वाकणावर आदळून गळून जातात, म्हणजे आपल्याला हवे असलेलेच हरवतात. त्यामुळे बाहेरून, प्रकाशानेच पाहणं उत्तम. लेसरने होलोग्राम घेतला की एका क्षणी एका आकारमानातले सगळे थेंब, त्यांच्या जागा आणि मापांसकट, मिळतात. त्याला खिडक्या लागतात, आणि प्रत्येक खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भोक. तिथे कापड नाही, ग्लायकॉल नाही. दुहेरी काचा घेतल्या, मधली पोकळी कोरड्या हवेने भरली, काचेच्या कडेला बारीक तापतार फिरवली. काच भिंतीपेक्षा थोडी गरम ठेवावी तर तिच्याभोवतीचा ढग विरतो. थंड ठेवावी तर ती धुरकट होते आणि होलोग्राममध्ये काचेवरचेच थेंब मोजले जातात. शेवटी खिडक्यांची संख्या जितकी कमी करता येईल तितकी केली. उपकरणवाले नाराज होते, पण त्यांनाही ढगच हवा होता.

या सगळ्याच्या मधे कधीतरी लहान चाचणी-चेंबरमध्ये ढग प्रत्यक्ष पाहिला. दिवे बंद, हिरव्या लेसरची उभी पात. कण सोडण्याआधी पातीत काहीच नसतं, फक्त स्वच्छ हिरवा पडदा. मिठाचे कण सोडले आणि पात भरत गेली. आधी धूसर, मग त्यात चमकणारे ठिपके, गरगरणारे, वर चढणारे झोत आणि त्यांच्यामध्ये काळ्या, रिकाम्या फटी. त्या फटी म्हणजे थंड आणि गरम हवेच्या अजून न मिसळलेल्या पट्ट्या. कणांचा पुरवठा कमी केला तसे ठिपके विरळ आणि ठळक झाले, आणि काही सरळ खाली येताना दिसू लागले. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला सेकंदाला ५ सेंटिमीटर हा आकडा डोळ्यांनी दिसत होता. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पुण्यात आयआयटीएममध्येही क्लाउड चेंबर उभारण्याचं काम हाती घेतलेलं आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या मिशन मौसम या हवामान-योजनेचा भाग म्हणून. मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण मॉन्सूनच्या ढगांचे प्रश्न वेगळे आहेत: हवा उबदार, वाफ भरपूर, कणांत समुद्राचं मीठही आणि शहरांचा धूरही. आमच्याकडे २० आणि ० अंशांच्या मध्ये चाललेलं काम तिथे आणखी वरच्या तापमानांना करून पाहता येईल, आणि तापमान जितकं वर तितका बाष्पदाबाच्या आलेखाचा बाक मोठा, म्हणजे तेवढ्याच फरकात वाफ जास्त मिळते. पण त्याचबरोबर छतावर पाणीही जास्त साचेल. तिथल्या कुणी हे वाचलं तर एक विनंती: पॅनेलांची मागणी नोंदवण्याआधी छताचं अस्तर पूर्ण मापात, खऱ्या उतारावर, खाऱ्या पाण्यासकट आठवडाभर टांगून बघा, आणि खाली कोरडा टिपकागद अंथरून ठेवा. कागदावर किती डाग पडतात त्यावरून उतार ठरवा. आमचा उतार आम्ही तसाच ठरवला, आणि नव्या अस्तराची चाचणी सध्या त्याच पद्धतीने चालू आहे.